घड्याळातली टिक आणि गाईच्या कानातली टिक

तुम्ही नाशिकच्या शाळेत इंग्रजी शिकवता आणि तुमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं : इंग्रजीतला ‘टिक’ हा शब्द घड्याळाच्या आवाजावरून आला असं पुस्तकात आहे. मग गोचिडालाही टिक, बरोबरच्या खुणेलाही टिक, उधारीलाही टिक आणि गादीच्या खोळीलाही टिक का? हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ, की वेगवेगळे शब्द? प्रश्न फार चांगला आहे, म्हणून उत्तर जरा मोठं लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. घड्याळाची टिक आणि बरोबरची टिक एका घरातल्या. गोचीड, उधारी आणि गादी ही तीन निरनिराळी घरं. चौघांचा उच्चार फिरत फिरत एका जागी आला, एवढंच. दारावरची पाटी सारखी, आतली माणसं वेगळी.

मी सत्तावीस वर्षं नाशिकमध्ये भाषांतराचं काम करते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची यंत्रांची पुस्तकं, बँकांचे फॉर्म, दवाखान्यांची संमतीपत्रं, पशुवैद्यकाची पत्रकं असं सगळं टेबलावर येतं. या सगळ्या कागदांत टिक मला भेटलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणी तिचं मराठी वेगळं करावं लागलंय. काही वर्षांपूर्वी जनावरांच्या औषधाचं एक पत्रक तपासायला आलं. भाषांतर आधीच कुणीतरी केलेलं होतं. त्यात वाक्य होतं : ‘दर आठवड्याला जनावराच्या कानामागे व शेपटीखाली बरोबरच्या खुणा आहेत का ते पाहावे.’ मूळ इंग्रजीत तिथे गोचीड बघायला सांगितलं होतं. वाक्याचं व्याकरण चोख, शुद्धलेखन चोख, आणि ते वाचून शेतकऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. पत्रक तसंच छापलं गेलं असतं तर नुकसान त्या मुक्या जनावराचं झालं असतं, म्हणून मला ते विसरता येत नाही.

ते दुरुस्त करताना मी एका पशुवैद्यांबरोबर निफाडकडच्या एका गोठ्यात गेले होते. त्यांनी गाईचा कान हळूच उलटा केला. आतल्या गुलाबी कातडीला राखाडी, गुळगुळीत, टम्म फुगलेले दाणे चिकटलेले. मूग असावेत तसे काही, आणि दोन-तीन तर चांगले एरंडाच्या बीएवढे. गोठ्यातल्या मावशी म्हणाल्या, “पावसाळ्यात लई गोचीड होतात बघा, हातानं वढलं तर तोंड आतच राहतं.” खरंच आहे ते. ओढायचाच झाला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा लागतो.

एरंडाची बी मला उगीच आठवली नाही. लॅटिनमध्ये गोचिडाला ‘रिसिनस’ म्हणतात, आणि एरंडाचं शास्त्रीय नाव ‘रिसिनस कम्युनिस’. एरंडाची बी रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडासारखी दिसते म्हणून झाडाला किड्याचं नाव मिळालं. त्या गाईचा कान पाहिला की हे नाव पटायला पुरावा लागत नाही. आपण मात्र गोचिडाचं फुगणं न घेता चिकटणं घेतलं : पाठ न सोडणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, गोचिडासारखा चिकटलाय. इंग्रजीत पोट तुडुंब भरलेल्या माणसाला टिकसारखा फुगलाय म्हणतात. प्राणी तोच, डोळे वेगळे.

आता हा गोचीड घड्याळाच्या टिकेशी जोडता येतो का? अजिबात नाही, आणि याला साधा काळाचा पुरावा आहे. गोचिडाचं हे नाव जुन्या इंग्रजीत सापडतं, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या. डच भाषेत त्याचं भावंड आहे ‘टेक’, जर्मनमध्ये ‘त्सेके’. या भाषा एका आजीच्या नाती. त्यांच्यात शब्द वाटला गेला तेव्हा युरोपात दात्यांचं घड्याळ जन्मालाही आलेलं नव्हतं. ती घड्याळं तेराव्या शतकाच्या अखेरीची. शिवाय गोचीड आवाजच करत नाही. तो गप्प चिकटतो, गप्प पितो, गप्प सुटून पडतो. जो प्राणी आवाज करत नाही त्याला आवाजावरून नाव पडलं म्हणणं चुकीचंच.

जाता जाता, त्या पत्रकात गोचिडाला ‘कीटक’ म्हटलं होतं, तेही मी काढलं. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात, तो कोळी आणि विंचवाच्या कुळातला. शेतकऱ्याला याने काय फरक पडतो असं वाटेल, पण कीटकांवरचं प्रत्येक औषध गोचिडावर चालतंच असं नाही, म्हणून शब्द नेमका हवा. गोचीड ताप, थायलेरियोसिस हे जनावरांचे रोग त्याच्यामुळे पसरतात. माणसांतला माकडताप तोही गोचिडाचाच. तो १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात लोकांना तो चांगलाच माहीत आहे.

आता खऱ्या आवाजाच्या घराकडे येते. इथे मला थोडं रेंगाळायचंय.

पुस्तकात ‘घड्याळाच्या आवाजावरून’ असं लिहिलंय ते अर्धं बरोबर आहे. इंग्रजीत पंधराव्या शतकात टिक म्हणजे हलकासा स्पर्श. बोटाने अलगद लावलेला टोला. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : टिचकी. टिचकी हा शब्द उच्चारून बघा, त्यात स्पर्शही आहे आणि आवाजही. बोट लागलं हेही त्यात येतं आणि ‘टिच्’ झालं हेही. अनुकरणवाचक शब्द असेच असतात, त्यांच्यात क्रिया आणि नाद यांची फारकत झालेली नसते. इंग्लंडमध्ये काही भागांत मुलं शिवाशिवीच्या खेळालाही टिक म्हणतात. ज्याला टिक लागली त्याच्यावर राज्य. तो अर्थ थेट या जुन्या स्पर्शातून आलाय, घड्याळाचा तिथे काही संबंध नाही.

मग घड्याळ कुठे आलं? जिथे काहीतरी हलकेच काहीतरीवर आपटतं, तिथे टिक म्हणायची सवय होतीच. लंबकाच्या घड्याळात नेमकं तेच होतं. कमान किंवा वजन एका दात्यांच्या चाकाला सारखं ओढत असतं. ते चाक मोकळं सुटलं तर घड्याळ अर्ध्या मिनिटात भर्रकन संपेल. म्हणून त्याच्यावर दोन हातांचा एक छोटा आकडा बसवलेला असतो, जहाजाच्या नांगरासारखा. लंबक इकडे गेला की आकड्याचा एक हात उचलतो, एक दाता निसटतो, आणि पुढचा दाता दुसऱ्या हातावर येऊन आदळतो. ते आदळणं म्हणजे टिक. लंबक परत आला की उलट बाजूने तेच. नांगराच्या आकाराचा हा आकडा १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आला, आणि सेकंदाला एक झोका घेणारा लांब लंबक घरोघरच्या घड्याळांत बसला. तो लंबक जवळजवळ एक मीटर लांब असतो, ९९ सेंटिमीटरच्या आसपास. ज्याच्या घरात असं उंच घड्याळ होतं त्याच्या कानावर दिवसभर सेकंद पडत असत. शब्द आधीच तयार होता. घड्याळाने तो आपल्याकडे ओढून घेतला आणि इतका वापरला, की आज सगळ्यांना तो घड्याळाचाच वाटतो.

वर्गात लंबकाचं घड्याळ नेता आलं तर जरूर न्या. जुन्या वाड्यांतल्या लोकांकडे अजून असतात. काच उघडून कान जवळ नेला तर मुलांना एक गंमत कळेल. आपण ‘टिक-टॉक’ म्हणतो, पण दोन्ही ठोके जवळजवळ सारखेच असतात. आपला कान सारख्या ठोक्यांच्या जोड्या लावतो आणि एकाला वरचा, दुसऱ्याला खालचा करून ऐकतो. इंग्रजीला अशा जोड्यांत आधी ‘इ’ आणि मग ‘ऑ’ किंवा ‘ॲ’ आवडतो : टिक-टॉक, पिंग-पाँग, झिग-झॅग. तिथे कुणी टॉक-टिक म्हणत नाही. आपली तऱ्हा वेगळी. मराठीत आवाज दुणावताना शब्द बहुतेक वेळा तसाच ठेवतात : टिकटिक, टपटप, खळखळ, भुणभुण. आणि जिथे स्वर बदलतो तिथे बऱ्याचदा ‘आ’ पुढे आणि ‘ई’ किंवा ‘ऊ’ मागे : टापटीप, ठाकठीक, धामधूम. इंग्रजी माणूस हलक्या स्वराकडून भारी स्वराकडे उतरतो, आपण उघड्या स्वराकडून मिटत्या स्वराकडे जातो. मला हे फार सुंदर वाटतं. मुलांना दोन्ही बाजूंच्या जोड्या गोळा करायला लावा, एका तासात फळा भरेल.

एक मात्र दोन्हीकडे सारखं आहे. बारीक आवाजाला ‘इ’ लागतो. टिचकी, किणकिण, चिवचिव. आवाज वाढला की स्वर बदलतो. दारावर टकटक, हातोडीची ठोकठोक, ढोलाचं ढमढम, भिंत पडली तर धाडदिशी. टिक, क्लिक, क्लिंक हे इंग्रजी शब्दही असेच चिमटीत मावणारे. त्यामुळे डच माणूस टिक म्हणतो, जर्मन म्हणतो, आपण टिकटिक म्हणतो, यात कुणी कुणाचं उसनं घेतलं पाहिजे असं नाही. कान सगळीकडे माणसाचेच आहेत. आवाजाच्या शब्दांबाबत हा नियम मी कटाक्षाने पाळते : उच्चार जुळला म्हणून नातं सांगायचं नाही.

आवाजातून पुढे अर्थ फुटत गेले ते असे. दोन टिकांमधला वेळ म्हणजे क्षण, म्हणून इंग्लंडमधला माणूस ‘एका टिकेत आलो’ म्हणतो. आपण चुटकीसरशी म्हणतो. चुटकी हाही आवाजच, आणि त्यानेही वेळच मोजलाय. असं मराठी मिळालं की भाषांतर करणाऱ्याचा दिवस चांगला जातो. ‘एका क्षणात’ लिहूनही काम भागतं, पण ‘चुटकीसरशी’ लिहिलं की आवाज आवाजाला भेटतो.

मोटारीच्या पुस्तकात इंजिन ‘टिक ओव्हर’ होत असतं, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू. आपले मेकॅनिक याला आयडलिंग म्हणतात किंवा ‘स्लो सेट कर’ म्हणतात. इथे टिकटिक लिहिणं हा वेडेपणा ठरेल. माणूस कशामुळे ‘टिक’ करतो असं इंग्रज विचारतो तेव्हा त्याला विचारायचं असतं, हा माणूस चालतो कशाच्या जोरावर, याच्या आत कुठली कमान आहे. हृदयालाही बोलीत टिकर म्हणतात.

टिकरचा दुसरा अर्थ तुम्हाला टीव्हीवर रोज दिसतो, बातम्यांखाली सरकणारी पट्टी. १८६७ साली अमेरिकेत एडवर्ड कॅलहान यांनी तारेवरून शेअरचे भाव कागदाच्या पट्टीवर छापणारं यंत्र केलं. पुढे एडिसन यांनी त्यात सुधारणा केल्या. यंत्र चालताना टिकटिक करायचं म्हणून टिकर, त्यातून निघणारी पट्टी म्हणजे टिकर टेप, आणि भाव ज्या किमान टप्प्याने वरखाली होतो तो टप्पा म्हणजे पुन्हा टिक. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या समारंभात लोकांनी खिडक्यांतून या पट्ट्या उधळल्या, आणि तिथे तशी रीतच पडली. यंत्र केव्हाच गेलं, पट्टी गेली, आवाज गेला. नाव राहिलं. तुमच्या फोनवर शेअरचे भाव बघताना काहीही टिकटिकत नाही, तरी टिक आहेच.

आणि खूण. कागदावर पेनाचं टोक हलकेच टेकवलं, की झाली टिक. जुन्या ‘हलका स्पर्श’ या अर्थाचं हे सरळ लेकरू. यादीतल्या एकेका नावापुढे टोक टेकवत जायचं, पाहिलं-झालं, पाहिलं-झालं. एकोणिसाव्या शतकात हा अर्थ इंग्रजीत रुळला. म्हणजे मूळात टिक म्हणजे ‘बरोबर’ नव्हे, ‘पाहून झालं’. हे लक्षात ठेवलं की एक कोडं सुटतं : फिनलंड आणि स्वीडनमध्ये शिक्षक अशीच खूण चुकलेल्या उत्तरापुढे करतात. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात. आपल्याकडे मात्र ती पक्की बरोबरची झाली, फुली म्हणजे चूक. मराठीत ही टिक स्त्रीलिंगी झालीय, ‘टिक केली’, ‘निळी टिक आली’. व्हॉट्सॲपवर २०१४ च्या नोव्हेंबरपासून वाचल्याची निळी खूण दिसायला लागली, आणि बघा, तिथेही अर्थ ‘बरोबर’ नाही, ‘पाहून झालं’ हाच आहे. शब्द फिरून आपल्या जुन्या अर्थावर आला.

अमेरिकेत हीच खूण ‘चेक’. चेक हा शब्द बुद्धिबळातला, आणि तो फारसी ‘शाह’ म्हणजे राजा यातून अरबी आणि फ्रेंच वाटेने इंग्रजीत गेला. आपला ‘शह’ तोच. राजाला शह म्हणजे राजाला अटकाव, त्यातून अटकाव करणं, तपासणं, तपासल्याची खूण. बँकेतला चेकही त्याच घरातला. तेव्हा इंग्लंडची टिक आपल्या टिचकीची मैत्रीण, आणि अमेरिकेची चेक आपल्या शहाची सख्खी.

उधारीची टिक वेगळ्या घरातली, आणि तिच्या निमित्ताने आपलं नाशिकच मध्ये येतं. इंग्रजीत सतराव्या शतकापासून ‘टिकवर घेतलं’ म्हणजे उधार घेतलं. पंचवटीतल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक म्हणतं ना, “मांडून ठेवा”, तसंच. ही टिक म्हणजे ‘तिकीट’ या शब्दाचा तुकडा. दुकानदार ज्या चिठ्ठीवर येणं लिहून ठेवायचा ती तिकीट, आणि बोलण्यात शेपूट गळून टिक. बरं, तिकीट कुठून आलं? जुन्या फ्रेंचमधून. चिकटवलेली चिठ्ठी असा त्याचा मूळ अर्थ, चिकटवणं या क्रियापदापासून. त्याच फ्रेंच शब्दाचं दुसरं लेकरू ‘एटिकेट’.

आता आपण मराठीत काय करतो पाहा. इंग्रज पोस्टाच्या पाकिटावर स्टँप लावतो, आपण तिकीट लावतो. “पाच रुपयांचं तिकीट द्या” असं पोस्टाच्या खिडकीत अजून ऐकू येतं. इंग्रजी शिकलेली मंडळी याला चूक समजतात. पण तिकीट म्हणजे मुळात चिकटवायचीच चिठ्ठी! आगगाडीचं तिकीट कुणी कुठे चिकटवत नाही, पोस्टाचं चिकटवतात. आपल्या लोकांनी नकळत शब्दाला त्याच्या जन्माचा अर्थ परत दिला. आणि देशभरची ही तिकिटं छापणारं इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालापासून आपल्या नाशिकरोडला आहे. पाठीमागच्या डिंकाला जीभ लावून तिकीट चिकटवणाऱ्या माणसाने तो फ्रेंच शब्द जितका नेमका वापरला, तितका आगगाडीत बसलेल्या इंग्रजाने वापरला नाही. तुमच्या वर्गातलं कुणी नाशिकरोडहून येत असेल, आणि घरातलं कुणी प्रेसमध्ये असेल, तर त्याला हे आवर्जून सांगा.

गादीची टिक आता फारशी कानावर येत नाही, पण गादीच्या कापडाला इंग्रजीत ‘टिकिंग’ म्हणतात, ते चालू आहे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, गादीपाट. पट्ट्यापट्ट्यांचं, घट्ट विणीचं जाड सुती कापड. वीण घट्ट अशासाठी, की आतला कापूस, आणि तिकडे पिसं, बाहेर डोकावू नयेत. हिवाळ्याच्या तोंडाशी पिंजाऱ्याकडे जुनी गादी फोडायला दिली की आधी तो खोळ उसवतो, कापूस पिंजतो आणि मग नव्या गादीपाटात भरून टाके घालतो. ती खोळ म्हणजे टिक. हा शब्द लॅटिन ‘थेका’ आणि त्याआधी ग्रीक ‘थेके’ पासून आला. अर्थ : ठेवायची पेटी, कोश, आवरण. फ्रेंचमध्ये ग्रंथालयाला ‘बिब्लिओतेक’ म्हणतात, त्यातला ‘तेक’ हाच, पुस्तकं ठेवायची जागा. आणि ग्रीक थेके ज्या धातूतून आला त्याचा संस्कृत भाऊ आहे ‘धा’, म्हणजे ठेवणे. निधी, निधान, विधान हे सगळे त्या धातूचे. म्हणजे घरातल्या गादीची खोळ, १८४० सालापासून चाललेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ग्रंथालयांचं फ्रेंच नाव आणि बँकेतला निधी ही लांबची भावंडं. घड्याळाचा यात कुठेही ठोका नाही.

देवनागरीत लिहिताना आणखी दोघं या गर्दीत शिरतात. चेहऱ्याचा स्नायू आपोआप झटके देतो, डोळा लवतो, खांदा उडतो, त्याला डॉक्टर ‘टिक’ म्हणतात. हा फ्रेंचमधला शब्द, आधी घोड्यांच्या व्यंगाबद्दल वापरला जायचा. १८८५ साली जिल द ला तुरेत यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याला त्यांचंच नाव आहे, आणि अशा टिक हे त्याचं मुख्य लक्षण. इंग्रजीत याचं स्पेलिंग वेगळं असल्याने तिथे गोंधळ होत नाही. आपण दोन्ही ‘टिक’ लिहितो आणि गोंधळ होतो. एका दवाखान्याच्या संमतीपत्रात मी म्हणून ‘टिक असल्यास टिक करा’ असं वाक्य मोडून ‘स्नायूंना आपोआप झटके येत असल्यास चौकटीत खूण करा’ असं केलं. दुसरा ‘टीक’ म्हणजे सागवान. फर्निचरच्या दुकानात टीकवुड म्हणतात तो. हा पोर्तुगीजांनी मलयाळम ‘तेक्कु’ वरून नेला आणि इंग्रजांनी त्यांच्याकडून घेतला. म्हणजे आपल्याच देशातून गेलेला आणि परदेशी पोशाखात परत आलेला शब्द. सागवान हा आपला शब्द असताना ‘टीक’ कशाला, हे माझं स्पष्ट मत आहे.

मुलांना हे समजावायचा सोपा मार्ग मराठीतच आहे. फळ्यावर ‘टिकाव’ लिहा. संघाचा सामन्यात टिकाव लागला नाही, हा एक टिकाव. टिकाव-फावडं घेऊन खड्डा खणायला गेले, हा दुसरा. एकाच शब्दाचे दोन अर्थ म्हणून कुणी गोष्ट रचायला बसेल : खणणारा माणूस उन्हात टिकून राहतो म्हणून त्याच्या अवजाराला टिकाव. ऐकायला छान, पण ही रचलेली गोष्ट. वाक्यात टिकाव कुणाच्या सोबतीला आला ते बघितलं, फावडं आहे की सामना, की अर्थ कळतो. आणि शब्दाचं घर कळायला मात्र कोश उघडावा लागतो.

इंग्रजी कोश उघडलात तर टिक या शब्दाच्या डोक्यावर बारीक आकडे दिसतील : टिक १, टिक २, टिक ३. हे अर्थांचे क्रमांक नाहीत. कोशकाराने वेगळी ठरवलेली घरं आहेत ती. त्या प्रत्येक घराच्या आत मग पुन्हा १, २, ३ असे अर्थ येतात. बहुतेक मुलं आणि खरं सांगायचं तर बहुतेक शिक्षकही या डोक्यावरच्या आकड्याकडे बघत नाहीत. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात आहे. त्याला शाळेच्या ग्रंथालयातला मोठा कोश हातात द्या, टिकचं पान काढून द्या आणि आकडे त्यालाच मोजू द्या. मग ‘टिकाव’ साठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती आजही छापील मिळते आणि शोधायलाही सोपी आहे.

त्या पत्रकातलं वाक्य शेवटी असं झालं : ‘दर आठवड्याला जनावराचे कान, मान आणि शेपटीखालचा भाग हाताने चाचपून गोचीड आहेत का ते पाहा.’ निफाडच्या त्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “कासेपाशीबी लिहा, तिथंच जास्त असतात.” मी लिहिलं.